झाड लई वाढलंय

मालक एकटा असतो, असं त्या दिग्दर्शकाचं म्हणणं होतं. "ताई, हा सगळा सिनेमा म्हणजे एका माणसाचं एकटेपण आहे. पैसा आला, सत्ता आली आणि माणसं गेली," असं तो आमच्या मारुतीच्या पारावर बसून, कागदी कपातला चहा पीत मला सांगत होता. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावचे खरे मालक होते, निम्म्या शिवाराचे धनी. एकटा? अहो, त्यांच्या संडासाबाहेरसुद्धा दोन माणसं उभी असतात. एकाच्या हातात टॉवेल, दुसऱ्याच्या हातात त्यांचा फोन. मी तसं बोलून दाखवलं तर तो लई हसला आणि म्हणाला, "ताई, हे मी सिनेमात वापरू का?" वापरा म्हणलं. वापरलं नाही त्यानं. रडवायचा सिनेमा होता, त्यात संडास कुठं बसवणार.

मी एसटीत कंडक्टर आहे, धाराशिव डेपोला. त्या वर्षी पौषात गाडीच्या पायरीवरून पाय निसटला, उजवं मनगट मोडलं आणि कोपरापर्यंत प्लास्टर आलं. तिकिटाचं मशीन धरता येईना, मग रजा टाकून माहेरी येऊन बसले. माहेर येडशीजवळच, रामलिंगच्या रानाच्या अलीकडं. आई म्हणाली, बरं झालं मोडलं, त्या निमित्तानं तरी तुझं तोंड दिसलं. त्याच आठवड्यात गावात सिनेमावाले उतरले. झोपायला धाराशिवच्या लॉजवर आणि दिवसभर आमच्यात.

सिनेमात मालकाचं काम करणारा नट पुण्याचा. चांगला माणूस, खोटं कशाला बोलू. चहा देणाऱ्या पोरीलासुद्धा अहो-जाहो करायचा. पण मालकाचं बोलायला लागला की अंगावर काटा यायचा. अर्धं वऱ्हाडी, पाव कोल्हापुरी आणि उरलेलं कुठलं ते त्यालाच ठाऊक. एक दिवस मला राहवलं नाही. गर्दीतनं ओरडले, "अहो, हिकडं असं कुणी बोलत न्हाय!" कंडक्टरचा आवाज तो, शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. सगळं शूटिंग थांबलं. वाटलं, आता हाकलतात. तर दिग्दर्शकानं खुर्ची मागवली आणि म्हणाला, ताई, उद्यापासून इथंच बसा, ह्यांना बोलायला शिकवा. अशी मी मोडक्या हातानं सिनेमात गेले.

सिनेमाची गोष्ट साधी होती. गरिबाघरचा पोरगा शिकतो, साखर कारखान्यात चिकटतो, जमिनी घेतो, चेअरमन होतो आणि मग त्याची जगाकडं बघायची नजर बदलते. ती कशी बदलते? तर तो ओरडायला लागतो. नोकराच्या थोबाडीत देतो, काचेचे ग्लास फोडतो, मिशीला पीळ भरतो. वाचून दाखवलं तेव्हा मला हसूच आलं. म्हणलं, साहेब, ग्लास फोडणारा माणूस अजून मालक झालेला नसतो, व्हायच्या वाटेवर असतो. खरा मालक ओरडत नाही. ओरडायला त्याच्याकडं पगारी माणसं असतात.

"मग कसा असतो?" नटानं विचारलं.

मी त्याला माझ्या बसमधली गोष्ट सांगितली. आमच्या मालकांची गाडी एकदा येडशीच्या फाट्यावर बंद पडली आणि मागून नेमकी माझी बस आली. बाजाराचा दिवस, पाय ठेवायला जागा नाही. मालक चढले. कुणी कुणाला काही म्हणलं नाही, तरी निम्मी बस उभी राहिली. पुढची माणसं मागच्यांच्या अंगावर चढली. एका म्हातारीनं सीट सोडली आणि कोंबड्यांची पाटी कवटाळून गावापर्यंत उभी राहिली. मालक बसले ते खिडकीतनं बाहेर बघत. सीट कुणी सोडली हे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी हात पुढं करायच्या आत दोघं-तिघं त्यांचं तिकीट मागायला लागले. उतरताना मला म्हणाले, "काय गं, एसटी मोकळीच असती की! लोक उगंच बोंबलतेत."

थट्टा नव्हती ती. त्यांना खरंच मोकळी दिसली. श्रीमंती आणि सत्ता माणसाचं हे असं करते. जिथं जाईल तिथं आधीच जागा झालेली असते, मग त्याला वाटायला लागतं की जग ऐसपैस आहे आणि माणसं लई गुणाची आहेत. तो दुष्ट होत नाही, त्याला दिसायचं बंद होतं. आणि हे त्याला सांगणार कोण? जवळची सगळी माणसं त्याला दिसू नये म्हणूनच तर जवळ आलेली असतात. माझं बोलणं झाल्यावर नटानं ते वहीत उतरवून घेतलं. दिग्दर्शक मात्र चुटकी वाजवून म्हणाला, "बघा, हेच ते एकटेपण!" मी कपाळाला हात लावला, प्लास्टर नसलेला.

आता खालाबद्दल सांगते. माझ्या आईच्या घराला लागून तिचं घर. मुसलमान असो का हिंदू, सगळं गाव तिला खालाच म्हणतं, म्हणजे मावशी. सत्तरीची बाई, अंगानं काडी, जिभेला धार. तिच्या दारात चिंचेचं झाड होतं, मालकांच्या बंगल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर निम्मी सावली त्याचीच. ते झाड म्हणजे तिचं मेहेर. निकाहाच्या वेळी नवऱ्यानं बायकोला काहीतरी द्यायचं कबूल करायचं असतं, त्याला मेहेर म्हणतात. खालाच्या नवऱ्याकडं तेव्हा द्यायला दुसरं काही नव्हतं, तर त्यानं दारातलं झाड कबूल केलं, भर मांडवात. तेव्हापासून गाव त्याला खालाची चिंच म्हणायचं, पण चिंचा उतरवून विकायचे ते तिचे दीर. मग एक दिवस नवरा वारला.

मयत उचलायच्या आधी बाईला सांगायची एक रीत आहे. मेहेर द्यायचं राहिलं असेल तर माफ कर, म्हणजे माणूस मोकळा होऊन जातो. बहुतेक बाया रडत रडत माफ करून टाकतात. नवरा समोर पडलेला असताना कोण नाही म्हणणार? दिरांनी सांगितलं, जावांनी सांगितलं, शेजारणींनी सांगितलं. माझी आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, माफ करा खाला, मोठं मन करा. मी आईचा पदर धरून तिथंच होते. खालानं डोळे पुसले आणि म्हणाली, "नै करती माफ. जबान दिया था उसने. झाड मेरा है." लोकांनी तोंडात बोटं घातली. शेवटी थोरल्या दिरानं सगळ्यांसमोर म्हणलं, झाड तुझं, तेव्हा कुठं जनाजा उचलला. पुढं कित्येक वर्षं गाव म्हणायचं, ह्या बाईला काळीज नाही.

पण त्याच झाडावर तिनं एकुलती लेक वाढवली आणि परंड्याला दिली. फाल्गुन आला की गल्लीतल्या सगळ्या बाया चिंचा फोडायला तिच्या दारात बसायच्या. चिंचोक्यांचे ढीग, बोटं आंबून गेलेली आणि मधोमध खाला, गालात पान, एकेकीला टोमणे मारत. कुणाची सून कशी, कुणाचा नवरा कसा, सगळा निकाल तिथं लागायचा. आमच्या गावात बाईमाणसानं हुकूम चालवायची तेवढी एकच जागा होती.

दिग्दर्शकाला नेमकं तेच झाड पसंत पडलं. सिनेमात असं होतं की मालक झाडाखाली उभा राहून भाषण करतोय, वरून कावळा शिटतो, पांढऱ्याशुभ्र शर्टावर घाण पडते आणि गर्दीत कुणीतरी फस्सकन हसतं. मालक लालबुंद होऊन ओरडतो, तोडा हे झाड, मुळासकट तोडा! खालाला विचारायला गेलो तेव्हा ती आधीच म्हणाली, "शूटिंग करा, नाचा, काय बी करा. झाडाला कुऱ्हाड लागायची न्हाय." दिग्दर्शकानं शब्द दिला. फांद्या दुसरीकडून आणून टाकू, तोडलेलं खोड थर्माकोलचं करू, तुमच्या झाडाचं पानसुद्धा पडणार नाही. बोलता बोलता त्यानं हात जोडले. खाला म्हणाली, "हात नको जोडू बाबा. हात जोडणाऱ्याला मी लई भेते."

ओरडण्याचं मात्र मला पटेना. मालक असा ओरडत नाही, म्हणलं. मग काय करतो? नट म्हणाला, आपण खऱ्या मालकांनाच विचारू की.

शूटिंगला बंगला मालकांनीच दिलेला, त्यामुळं स्वारी खूश होती. व्हरांड्यात झोपाळ्यावर बसलेले, भोवती नेहमीची माणसं. त्यांत माझा एक वर्गमित्र. शाळेत फळ्यावरचं माझ्या पाटीतनं उतरवून घ्यायचा, आता मालक उठले की त्यांच्या चपला सरळ करून ठेवतो. नटानं विचारलं, "मालक, तुमच्या शर्टावर असं झालं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?" मालकांनी कप खाली ठेवला. रुमाल काढून खांद्यावरची न पडलेली घाण सावकाश पुसली. वर छताकडं बघितलं आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "झाड लई वाढलंय."

"एवढंच?"

"मग आजून काय? आपन कशाला तोडा-बिडा म्हणायचं? समजनारे समजतेत."

हास्याचा फवारा उडाला. मीही हसले, अचूकच होतं ते. नटानं टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला ते कशानंही यायचं.

शूटिंगच्या आदल्या दिवशी खाला परंड्याला निघाली, लेकीकडं, नातीची सोयरीक ठरवायची होती. बसथांब्यावर मला म्हणाली, "झाडाकडं ध्यान ठेव गं बेटी. तू हाईस म्हणून चाल्लेय." म्हणलं, खाला, तुमी बिनघोर जावा. मी हाय की.

शूटिंग झक्कास झालं. कावळ्याऐवजी वर चढलेल्या माणसानं दह्याचा थेंब टाकला, तो बरोबर खांद्यावर पडला. नटानं रुमाल काढला, पुसलं, वर बघितलं. "झाड लई वाढलंय." पहिल्याच फटक्यात ओके. मग आणलेल्या फांद्या पाडल्या, धूळ उडवली, झालं. मी झाडाभोवती फिरून बघितलं, साल कुठं खरवडलेली नव्हती. मालक दिग्दर्शकाच्या छोट्या पडद्यापुढं खुर्ची टाकून सगळं बघत होते, लई रंगले होते. निघताना गाडीकडं जाता जाता खालाच्या चिंचेखाली थांबले. रुमाल काढला, खांदा पुसला, वर बघितलं आणि नटाची नक्कल करत म्हणाले, "खरंच की रं. झाड लई वाढलंय!" पुन्हा सगळे खो-खो हसले. मालक गाडीत बसले आणि गेले.

सकाळी मी एका हातानं केसांचा गुंता सोडवत बसले होते, तर मशीनचा आवाज आला. झाडं कापायचं मशीन, घर्र घर्र. तशीच केस मोकळे सोडून पळाले. ट्रॅक्टर उभा, फांद्यांना दोरखंड बांधलेले आणि दोर धरून माझा वर्गमित्र.

"काय चाललंय रं हे?"

"मालकांचं म्हणनं हाय."

"कसलं म्हणनं?"

"काल न्हाय का म्हणले, सगळ्यांम्होरं? तू बी व्हतीस की."

"अरे मुडद्या, ती नक्कल व्हती! शिनिमा व्हता त्यो!"

"शिनिमात नट म्हणला. हितं मालक म्हणले."

"मग फोन लाव आन इचार की एकदा."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याला चपला घालून गाभाऱ्यात जा म्हणलं होतं. मालकांना दुसऱ्यांदा विचारायचं नसतं. बंगल्यावरचा हा रिवाज, बापजाद्यांपासूनचा. ज्याला एकदा बोललेलं कळत नाही, तो बंगल्यावर कामाचा नाही. म्हणून मालकांना शिंक आली तरी ही माणसं आधी औषध आणतात आणि मग विचारतात, किंवा तेही विचारत नाहीत. "उद्या येतील आन म्हणतील, आजून हुबंच हाय व्हय? मग म्या काय सांगू?" राजा बोले दळ हाले, म्हणतात. इथं तर राजानं नुसती थट्टा केली होती.

"खालाचं मेहेर हाय त्ये. तुला ठाऊक न्हाय?"

"ठाऊक हाय की," तो म्हणाला. नजर खाली नाही, आवाज हळू नाही. कुणी बाजारभाव विचारावा आणि सांगावा, तसं.

"मी मालकांना घेऊन येते. तवर हात लावायचा न्हाय."

"जा, घेऊन ये," म्हणाला. मी वळणापर्यंत पोचते न पोचते तोच मशीन परत सुरू झालं.

बंगल्यावर मालक अंघोळीला गेले होते. मी दारातूनच हाक मारली, "मालक!" दोघं जण अंगावर धावून आले, शूऽऽ, आता पूजेला बसतील, आवाज करू नका. म्हणलं, अहो, तिकडं झाड पडतंय. तर म्हणतात, "बसा ना ताई. चहा घ्या." नको म्हणलं तरी कप हातात आणून दिला. मालकांच्या दारात आलेला माणूस चहा न घेता गेला तर मालकांना आवडत नाही म्हणे. डाव्या हातात कप, उजवा गळ्यात बांधलेला आणि शेताच्या पलीकडनं मशीनचा आवाज. मी घोट घेतला. हो, घेतला. तेवढ्यात आवाज थांबला. मग लांबून एक मोठा धडाका झाला आणि आमच्या गल्लीच्या वर सगळे कावळे एकदम उठले.

मालक बाहेर आले. कपाळाला गंध, केस ओले. "काय गं पोरी, हात कसा हाय आता?"

मी सगळं सांगितलं, एका दमात.

"म्या? म्या कुठं सांगितलं तोडा म्हणून?"

मी त्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधत होते. सापडला असता तर बरं झालं असतं, चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण नव्हता हो. तान्ह्या पोरासारखा कोरा चेहरा. मग ते माणसांवर भडकले, आकलंचे कांदे, गाढवं, विचारायचं तरी! माणसं माना खाली घालून म्हणत होती, चुकलं मालक, चुकलं. आणि सांगायला लाज वाटते, पण ती खुशीत होती. मालक आपल्यावर बोलले, म्हणजे मालकांनी आपल्याला बघितलं. राग ओसरल्यावर मालक झोपाळ्यावर टेकले. मान हलवली आणि हसले, कौतुकानं.

"काय करावं ह्या लोकांचं? लई जीव हाय गं त्यांचा माझ्यावर. तोंडातनं सबूद पडायचा अवकाश."

त्या माणसाला ते प्रेम वाटत होतं! म्हातारीचं झाड पाडून आलेल्या माणसांकडं तो असा बघत होता की जणू त्यांनी त्याला ओवाळलंय. वर म्हणतात, "खालाला चांगली धा रोपं लावून देऊ." सत्तरीच्या बाईला चिंचेची रोपं! चिंच लावावी आजानं आणि खावी नातवानं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, म्हणतात ते हेच. मी कप खाली ठेवला आणि निघाले.

गल्लीत आले तर झाड रस्त्याभर आडवं. पौषातलं झाड, गाभुळलेल्या चिंचांनी लगडलेलं. आणि गल्लीतल्या बाया ओटीत चिंचा भरत होत्या. त्याच बाया, खालाच्या दारात बसून हसणाऱ्या. माझी आईसुद्धा. मी बघितलं तशी म्हणाली, "वाया कशाला घालवायच्या?" मला तिच्या हातांची शिसारी आली. ज्या हातानं माझी वेणी घातली, त्याच हातांची. तेवढ्यात दिग्दर्शक आला. डोळ्यांत पाणी, "ताई, किती भयानक, मी शब्द दिला होता हो," आणि मान वळवून कॅमेऱ्यावाल्याला, "उन्हं चढायच्या आत बुंध्याचं घेऊन टाका." थर्माकोलचं खोड रद्द झालं.

खाला दुपारच्या बसनं आली. वळणावर उतरली आणि लांबूनच थांबली, कारण नेहमी जिथं सावली लागायची तिथं ऊन होतं. हातातली पिशवी तशीच धरून ती चालत आली. रडली नाही. बुंध्याजवळ आली, ओल्या लाकडावर हात ठेवला, मग त्यावरच बसली. मी पुढं झाले, "खाला, मी…" म्हणलं, तर तिनं हातानंच गप्प राहा म्हणून सांगितलं.

मग मालक आले. गाडी लांब थांबवून चक्क चालत आले. कॅमेरा चालूच होता, तो बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही. मालकांनी भर उन्हात, सगळ्या गावादेखत हात जोडले. "खाला, चूक झाली. माणसं माझी, म्हंजे चूक बी माझीच. माफ करा."

कुणाच्याही काळजाला हात घालील असं दृश्य होतं. लोक गहिवरले. एवढा मोठा माणूस, म्हातारीपुढं हात जोडून! आणि मग सुरू झालं. दीर म्हणाले, माफ कर. शेजारणी म्हणाल्या, माफ करा खाला. वर्गमित्र म्हणाला, जाऊ द्या, करा माफ. आमच्या दारातनं आई म्हणाली, ओटीत चिंचा तशाच, "मोठं मन करा खाला." तीच गल्ली, तेच दार आणि तेच शब्द. मला लहानपणची ती मयताची सकाळ आठवली.

खालानं मालकांच्या जोडलेल्या हातांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"मालक," ती हळूच म्हणाली, "माझा नवरा ह्याच दारात पडला व्हता, कफन घालून. त्याला माफ केलं न्हाय म्या. तुमी तर जित्ते हाव."

मालक असे गोंधळले, जणू भरल्या बसमध्ये चढावं आणि कुणी जागाच देऊ नये. त्यांनी हात खाली घेतले, आजूबाजूला बघितलं आणि गाडीकडं निघाले. मागनं वर्गमित्राचा आवाज आला, "म्हातारी लई माजलीया." गाव त्याच्याच बाजूनं होतं. मालकांनी हात जोडले तरी हिचा ताठा जाईना, म्हणायला लागले. त्या फाल्गुनात खालाच्या दारात कुणी बसलं नाही, फोडायला काही नव्हतंच. बंगल्यावरनं रोपं आली ती तिनं शेजारच्या शेळ्यांना घातली. पुढं घराला कुलूप लावून ती परंड्याला लेकीकडं गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही. बोलायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

यंदा तो सिनेमा लागला. धाराशिवला दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मी गेले, खाकी अंगावर तशीच. नटानं काम चांगलं केलंय, बोललाय अगदी आमच्यासारखं. शेवटी मालक बंगल्याच्या खिडकीत एकटा उभा आहे, बाहेर अंधार आणि बासरी वाजतेय. माझ्या शेजारची बाई पदरानं नाक पुसत होती. आणि मग पडद्यावर खाला आली. बुंध्यावर बसलेली, एवढा मोठा तिचा चेहरा. तिचे ओठ हलले. आवाज नाही. आवाजाच्या जागी बासरी. ओठ काय म्हणतात ते त्या अख्ख्या थेटरात मला एकटीला कळत होतं. मग परत खिडकी आणि मालकाच्या डोळ्यांतनं टपकन पाणी.

शेजारची बाई हुंदका देऊन म्हणाली, "बघा बाई, केलं माफ म्हातारीनं. गरिबाचं मन लई मोठं असतंय."

मी उठून उभी राहिले.

"माफ केलं न्हाय तिनं!"

शेवटच्या रांगेपर्यंत गेला आवाज. शूऽऽ सुरू झालं, कुणी शिट्टी मारली. मागनं एक जण ओरडला, "ओ बाई, खाली बसा! मालक दिसंनात आमाला!"

मी बसले नाही.